केस देऊन आलेला माणूस

१८ एप्रिल २०१३, गुरुवार

पहिले पाह्यलं ते रुखमिणीनं. टपरीवाला म्हणते मी पाह्यलं, पण टपरीवर तो नुसता पत्ता विचारायले थांबला होता, त्याले का पाहणं म्हणावं? रुखमिणी बोरिंगवर पाणी भरत होती. हंडा तसाच टाकून पळत आली अन् फाटकातूनच ओरडली, “वो सत्यभामाबाई, तुमच्या घराकडं एक मानूस येऊन राहिला. केस देऊन आला हाये!”

मी शेवया करत होती, हात पिठाचे. म्हटलं, “कोनाचे केस?” तं म्हणे, “स्वतःचेच असतीन नं बाई, दुसऱ्याचे कोन देते!” ही रुखमिणी अशीच. तिच्या सासऱ्याच्या तेरवीत पंगत बसली असताना तिनं असं हसवलं होतं का भटजीच्या नाकातून कढी आली. ते मंग कधी लिहीन.

माणूस आला. माह्या पोराच्या, अमरच्याच वयाचा, काळा, उंच. डोस्कं नुकतंच वस्तऱ्यानं साफ केलेलं, उन्हात चमकून राहिलं होतं. खांद्यावर दुपट्टा, हातात बोचकं. सपरीच्या ओट्यावर चढला, आमच्या बुढ्याचा हारवाला फोटो पाह्यला अन् उभ्याचा आडवा झाला. कपाळ जमिनीले लावून असा रडला का पौषात बुढा गेला तवापासून ह्या घरात एवढं कोणी रडलं नाही. अमर पण नाही. मी पण नाही, मले तं पाहुण्याइच्या चहापाण्यातून सवडच भेटली नव्हती.

मी विचारलं, “कोन गा तू बाबू?”

“माय, मी इश्वर. साकोलीच्या पलीकडून आलो. मले तुमचाच पोरगा समजा.”

माह्या हातातली शेवई तुटली.

तो सांगत गेला. बाबा, म्हणजे आमचा बुढा, मोहफुलाच्या टायमाले अन् तान्ह्या पोळ्याले त्याइच्या घरी येत होते, कधी चुकले नाहीत. औंदा मोह सरत आला तरी आले नाहीत म्हणून तो विचारत निघाला, तं भंडाऱ्याच्या स्टँडवर कोंढ्याच्या एका माणसानं सांगतलं का टेकचंद खाणवाले गेले. “खबर भेटली तसे नदीवर जाऊन केस देले, माय. अन् मंग आलो.”

रुखमिणीले राहवलं नाही. “तुमच्या घरी कोन कोन हाये?”

“माय हाये,” तो म्हणाला, “अन्...”

तेवढ्यात अमरची मोटरसायकल आली. अमरनं ते डोस्कं पाह्यलं, फोटोपुढं वाकलेलं, अन् त्याचा चेहरा माह्याच्यानं पाहवला नाही. आमच्याकडं घरचं माणूस गेलं का केस पोरगा देते. भाऊ देते, पुतण्या देते, पण हा ना भाऊ ना पुतण्या. अमर म्हणाला, “इथी एकच पोरगा हाये. तो मी.” अन् त्याले दंडाले धरून फाटकाबाहेर नेलं. त्या बिचाऱ्यानं नुसते हात जोडले. पाणी पण अर्धंच पेला.

बोचकं सपरीतच राहिलं.

२१ एप्रिल, रविवार

मी अजून ठिकाणावर नाही. काल भातात दोनदा मीठ टाकलं. चंदा, माही सून, तिनं ताक वाढलं अन् वरून आणखी ताक वाढलं. गुणाची आहे. ही डायरी पण तिनंच देल्ली. धानाच्या बियाण्याच्या दुकानदारानं अमरले देल्ली होती. चंदा म्हणाली, आई, तुम्ही दिवसभर बोलत राहता, थोडं ह्याच्यात बोला. मी दुसरी शिकली, पण अक्षर अमरपेक्षा चांगलं आहे.

आज बोचकं उघडलं. मोहफुलं होती वाळवलेली, चारोळी होती, अन् एक लाकडाचा नंदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याले लेकरं चाकाचा बैल घेऊन घरोघरी फिरतात नं, तसा. जुना, हात लागून लागून काळा पडलेला, एका शिंगाचं टोक गेलेलं. पोटाखाली कोरलेल्या रेघा. मी पाह्यल्याबरोबर ओळखलं. हे आमच्या बुढ्याचं काम. तो बैलाची मान नेहमी जराशी डावीकडं वळवत होता, म्हणे, सरळ पाहणारा बैल म्हणजे सरकारी बैल.

अमरनं नंदी हातात घेतला, फिरवून पाह्यला.

“त्याच्यासाठी बनवला,” म्हणाला. “माह्यासाठी बाजारातून आनला होता. प्लास्टिकचा.”

हे खरं आहे. अमर तान्ह्या पोळ्याच्या दिवशी झाला. गावातले सगळे बाप त्या दिवशी पोराच्या मागं मागं फिरतात, नंदीले झूल घालतात. आमचा बुढा मात्र पोळा संपला का सायकल काढत होता. मी म्हणत होती, “आज पोराचा जलमदिवस हाये, आज तरी थांबा.” तो म्हणत होता, “जंगल पाहून येतो.” सायकल एसटीच्या टपावर चढवून जंगल पाहायले जाणारा माणूस पूर्ण जिल्ह्यात एकच असेल. जिल्ह्याचे दोन झाले तरी एकच.

पण त्याचं जंगलाचं वेड मी मनावर घेतलं नव्हतं. जवानीपासून खाणीत गेला, तुमसरकडे, जमिनीच्या पोटातून मँगनीज काढलं. मी इथं सासूजवळ शेतीत, तो तिकडे कॅम्पातल्या खोलीत, सुटीच्या दिवशी येत होता. रिटायर होऊन घरी आला तवा पहिलं काम काय केलं असेल? खाट उचलून आंगणात टाकली. म्हणे, आता छताखाली झोपणं बंद. पाऊस आला का सपरीत, थांबला का परत आंगणात. सकाळी मले पण संगं ओढत होता, तलावाच्या पारीवर, बांधावर. अन् चालता चालता तोंड बंद नाही. “उजव्या हाताले पळस हाये, फुलून लाल झाला. डाव्या हाताले पानी, दूर गेलं पानी, चिखल उघडा पडला. चिखलात बगळे. एक बगळा एका पायावर. आता उतार हाये, पाय जपून टाक.”

मी म्हणत होती, “मले का डोळे नाईत का? दिसते मले!”

तो दचकल्यासारखा थांबत होता. “हाव, तुले तं दिसते.” अन् हसत होता. अन् दहा पावलावर परत सुरू. पहिले सुटीच्या दिवशी, मंग रोज, वर्षानुवर्षं ऐकलं हे मी. लोकाइचे नवरे बोलत नाहीत म्हणून बायका रडतात, माहा नवरा बगळे मोजून सांगत होता.

संध्याकाळी अमर जेवला नाही. चंदाले म्हणाला, अक्तीले घागर मी भरणार नाही.

२४ एप्रिल, बुधवार

हे लिहायलेच पाहिजे नाहीतर डोस्कं फुटेल.

अक्ती म्हणजे अक्षय तृतीया, १३ मे ले आहे. घरचं माणूस गेलं का पहिल्या अक्तीले पोरानं त्याच्या नावानं नवी घागर भरावी लागते. पाणी, वर आंबा, संगं जेवणाचं पान. तवा तो पितरात बसते. नाही भरली तं सालभर उन्हात तहानलेला फिरते. अन् आमचा बुढा तं उन्हात फिरणाराच माणूस, त्याले पाण्याची किती गरज!

मी अमरले म्हटलं. तो म्हणाला, “दोन पोरं हायेत त्याले. केस ज्यानं देले, घागर बी तोच भरन.”

“अरे, तुले काय मालूम तो कोन हाये ते?”

“आई, परका मानूस केस देते का? त्याची माय हाये घरी, त्यानंच सांगतलं नं तुले? दरवर्षी माह्या जलमदिवशी माहा बाप कुठं जात होता, ते आता समजलं मले.”

गावात तं सगळ्याइलेच समजलं. चक्कीवर बायका गप्प होतात मी गेली का. एक रुखमिणी तेवढी तोंडावर बोलते. “तुले सवत हाये अन् तू शेवया वळून राहिली!”

मी म्हटलं, “मंग का कुरड्या करू?”

ती हसली, मी पण हसली. पण घरी आल्यावर बुढ्याच्या फोटोकडं पाठ करून बसली. चाळीस वर्षांचा संसार. एखादी भाजी लपवता येते, बाई कशी लपवता येते? अन् असेल तं कशी असेल? माह्यापेक्षा जवान असेल. ती त्याच्या संगं पारीवर न कुरकुरता जात असेल. बगळे ऐकून घेत असेल. हेच मले जास्त लागलं. मी काहून त्याले गप्प करत होती?

चंदाले म्हटलं, मी साकोलीले जातो. ती म्हणाली, आई, ह्या उन्हात? मी म्हटलं, ऊन का मले खाते का? सवतीले पाहून येतो. नाही तं अक्ती बुडते.

२ मे, गुरुवार

साकोलीले जाऊन आली. आज अक्षर पाहू नये.

मी अन् रुखमिणी गेली. अमरले सांगतलं नाही, म्हटलं चंदाच्या मावशीकडं जाऊन राहिलो. रुखमिणीनं डब्यात सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, घेतल्या, म्हणे, सवतीच्या घरचं पाणी पण पिऊ नको. भंडाऱ्याले बस बदलली. गोंदिया तोडून वेगळा जिल्हा केला तवा आमचा बुढा दोन दिवस चिंतेत होता, साकोली तिकडे जाते का काय म्हणून. आपल्याकडंच राहिली हे ऐकून त्यानं पेढे आणले होते. मी तवा म्हटलं होतं, साकोलीत तुमचं काय अडलं? आज बसमध्ये ते पेढे आठवले.

साकोलीच्या स्टँडवरून ऑटो केला. गाव जंगलाले लागून. ऑटोवाल्याले इश्वरचं घर मालूम होतं. म्हणे, “आंधळ्या बाबाचं घर नं?” आम्ही म्हटलं नाही, इश्वरचं. तो म्हणे तेच.

आंगणात मोहाचं झाड. मोहाखाली खाट. खाटेवर एक बुढा बसलेला, अंगात बंडी, चेहऱ्यावर काळे-निळे ठिपके, जसे गोंदलेले. डोळ्याच्या जागी नुसती मिटलेली कातडी. मी फाटक ढकललं तसं त्यानं तोंड वर केलं.

“दोन बाया,” तो म्हणाला. “एक अनवानी, एक चपलेची. कोन?”

रुखमिणी म्हणाली, “आसगावकडून आलो आमी. टेकचंद खानवाल्याच्या घरून.”

तो खाटेवरून उठला, अन् हात समोर करून चालत आला, अन् माहे पाय चाचपून त्याच्यावर डोकं ठेवलं. एवढा बुढा माणूस! मी मागं सरकली. तो म्हणाला, “मितानीन आली माही. इश्वर, मितानीन आली!”

घरातून एक बाई आली, पांढऱ्या केसाची, दात नसलेली, माह्याहून मोठी. तिच्या कपाळावर कुंकू. ही माही सवत! मले हसू आलं, रडू आलं, मी तिथंच मातीत बसली. रुखमिणीनं सुवाऱ्याचा डबा काढून तिच्याच हातात देल्ला.

आता जे समजलं ते लिहितो. त्याचं नाव बिसाहू. छत्तीसगडचा, जवानीत खाणीवर आला, आमच्या बुढ्याच्या खोलीत राहत होता. “खोलीत एक छत्तीसगढी हाये” एवढंच मले मालूम होतं. त्याइच्या मुलुखात रिवाज आहे. दोन दोस्त देवापुढं नारळ फोडतात, एकमेकाच्या कानात फूल खोसतात, अन् मितान होतात. मंग जलमभर एकमेकाचं नाव घेत नाहीत, मितानच म्हणतात, अन् मितानाच्या बायकोले मितानीन. भावापेक्षा पक्कं. अन् एकाचा जीव गेला तं दुसऱ्याच्या घरचे केस देतात. इश्वरनं बापाकडून केस देले. बुढ्याले वस्तरा सोसत नाही आता, म्हणून पोरानं देले. एवढीच गोष्ट. अन् आम्ही काय काय शिजवलं!

“मंग इश्वर, तू त्या दिवशी सांगतलं काहून नाई गा?”

“सांगतच होतो, माय. अमरदादानं बोलू देल्लं नाई. अन् त्याचा बाप गेला होता, मी का भांडू?”

डोळे कसे गेले, ते विचारलं. बिसाहू म्हणाला, “खानीत बार भरतेत, तुमाले मालूम असन. सुरुंग. सप्पा फुटले, एक राहिला. पाहाले गेलो तवाच फुटला.” हसून सांगत होता, जसं बैल उधळला म्हणून सांगावं. मंग सासुरवाडी इथं साकोलीकडं होती, बायको इथं घेऊन आली.

अन् आमचा बुढा तवापासून येत होता. आला का बिसाहूले सायकलीच्या मागं बसवायचं अन् जंगलात न्यायचं. पूर्ण दिवस. सायकल ढकलत जंगल सांगायचं. उजव्या हाताले पळस. डाव्या हाताले पानी. बिसाहू म्हणाला, “मितानीन, तो गेला तसा माहा जंगल गेला. मोह पडते तो आवाज येते, पन कसा पडला हे कोन सांगन?”

मले तवा समजलं. बाई, मले तवा समजलं का तो माह्याशी असा काहून बोलत होता. वर्षातून दोनदा सांगून सांगून सवय लागली होती त्याच्या जिभेले. मी म्हणत होती मले का डोळे नाहीत का, अन् तो दचकत होता.

जास्त लिहवत नाही.

४ मे, शनिवार

अमरले सांगतलं. पूर्ण सांगतलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, “मंग आपल्याले सांगतलं काहून नाई? मितानच होता नं? चोरी होती का?”

बरोबर विचारलं त्यानं.

“अन् माह्याच जलमदिवशी काहून? बाकीचे दिवस मेले होते?”

घागरीबद्दल काही बोलला नाही. मी पण विचारलं नाही. चंदा कुंभाराकडून घागर घेऊन आली अन् अमरच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवली. मी म्हटलं नं गुणाची आहे.

१० मे, शुक्रवार

इश्वरले चंदाच्या फोनवरून निरोप देल्ला, अक्तीले बाबाले घेऊन ये. अमर बाजूलेच होता. त्यानं ऐकलं. नाही म्हटलं नाही.

१३ मे, सोमवार

अक्ती झाली. मले सगळं क्रमानं लिहायचं आहे पण येत नाही.

सकाळी पहिल्या बसनं आले. फाटकातून इश्वर अन् त्याच्या खांद्यावर हात ठेवून बिसाहू. नवं धोतर. मी पन्हं केलं होतं, वडे, कढी, आंब्याचा रस. गल्लीतली अर्धी माणसं कारण नसताना आमच्या दारावरून दोनदोनदा गेली. रुखमिणी तं सकाळपासून सपरीतच बसली होती, म्हणे मी साक्षीदार आहो.

अमर रामराम म्हणाला पण लांबून. मंग त्यानं तो लाकडाचा नंदी आणला अन् इश्वरपुढं ठेवला. “तुमचा राहिला होता.”

इश्वर म्हणाला, “हा माहा कुठं दादा? तुमचा हाये. माह्या बाबानं तुमच्यासाठी पाठवला.”

बिसाहूनं हात लांब केला. नंदी चाचपला, तुटलं शिंग, वळलेली मान. “माह्या मितानानं खोलीत बसून केला होता हा,” तो म्हणाला. “घरी लेकरू होनार म्हणून. पोटाखाली पाह्य, घरं कोरले हायेत. एकेका घरात एक नाव कोरीन म्हनत होता, जेवढे लेकरं होतीन तेवढे. तो खोलीतच राहून गेला. ज्या दिवशी तुहा मामा आला खानीवर बोलवाले, तो नंदी घ्यायचा बी विसरून धावला.”

मले इतका आनंद झाला! मी म्हटलं, “हाव, भैय्यालालले मीच धाडलं होतं! माह्या पोटात कळा सुरू झाल्या अन् पहिलटकरीन, मी भावाले म्हटलं, जा, त्याइले घेऊनच ये, त्याइचं तोंड पाह्यल्याशिवाय मी मोकळी होत नाई. अन् तो आला, ड्युटी सोडून आला, अन् दिवा लावायच्या टायमाले अमर झाला. तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी!”

“हाव,” बिसाहू म्हणाला. “लेकरं कॅम्पात नंदी फिरवून राहिले होते. लाल झुलीचा एक नंदी होता. तोच मी पाह्यला शेवटचा. मंग खाली गेलो.”

“त्याच दिवशी?” अमरनं विचारलं.

“पाळी माही होती,” बिसाहू म्हणाला.

कोणी विचारलं नव्हतं.

अमर म्हणाला, “त्या दिवशी पाळी कोनाची...” अन् थांबला.

“माहीच होती बेटा. माही पाळी होती.” परत म्हणाला. अन् मंग माह्याकडं तोंड करून, “मितानीन, तुले सांगू नको म्हटलं ते मीच. ओली बाळंतीन, अशी बातमी ऐकली का दूध आटते. लेकराचा दूध. मंग दुधाचे दिवस गेले, तं त्याले सांगता आलं नाई. मीच सोडवलं नाई त्याले त्या सपथीतून. ते चुकलं माहं. पन पाळी माहीच होती.”

म्हाताऱ्या माणसाचं असंच असते, एकच गोष्ट उगाळत बसते. माहं पण तसंच होते, चंदा हसते मले. मी म्हटलं, “दूध काही आटलं नाई हो, दोन साल पेला हा पोट्टा!” सगळे हसले. अमर हसला नाही. उठून बाहेर गेला, भर उन्हात गोठ्याजवळ उभा राहिला. मी पन्हं घेऊन गेली तं तोंड फिरवलं. म्हणे डोळ्यात काही गेलं. अक्तीच्या धुळीत जातेच.

परत आला तं हातपाय धुतले अन् घागर उचलली. भरली. आंबा ठेवला. मंग बिसाहूचा हात धरून घागरीवर ठेवला, स्वतःचा हात त्याच्यावर ठेवला, अन् बापाचं नाव घेऊन पाणी सोडलं. भटजी म्हणाला, असं दोघाइनं करत नाहीत. अमर म्हणाला, “आमच्या घरी करतेत.” मंग इश्वरले पण बोलावलं. बिसाहूनं नाव घेतलं नाही, मितान म्हटलं नुसतं.

पंगतीत अमरनं त्याचं पान स्वतः वाढलं. बारा वाजता वडा, तीन वाजता कढी, असं घड्याळाच्या हिशोबानं सांगून राहिला होता ताटातल्या जागा. हे त्यानं कुठं शिकलं?

१४ मे, मंगळवार

गेले दुपारच्या बसनं. घर रिकामं लागून राहिलं, पण ते पौषासारखं नाही.

सकाळी अमरनं बिसाहूले मोटरसायकलवर मागं बसवलं. इश्वर म्हणाला मी पण येतो, अमर म्हणाला, नाई गा, तू थांब. मी अन् रुखमिणी पायीच मागं गेलो तलावाकडं, शेणाच्या गोवऱ्या आणायच्या आहेत म्हणून. गोवऱ्या काही आणल्या नाहीत. पारीवर गाडी उभी होती अन् ते दोघं चालून राहिले होते, हातात हात. अमरले बोलायची सवय नाही, तो लहानपणापासून मुक्या तोंडाचा. पहिले नुसतं “तलाव हाये” म्हणाला. मंग थांबला. मंग म्हणाला, “उजव्या हाताले पळस. फुलं गेले आता, पानं नवे हायेत, मोठे. डाव्या हाताले पानी. लय खाली गेलं. चिखलात बगळे हायेत, काका.”

“किती?” बिसाहूनं विचारलं.

अमरनं मोजले. खरंच मोजले, बोट दाखवून.

“एक एका पायावर हाये,” तो म्हणाला. “आता उतार हाये. पाय जपून टाका.”

रुखमिणीले मी चिमटा घेतला का बोलू नको म्हणून. ती बोललीच नाही, पहिल्यांदा.

मी अमरले बसस्टँडवर म्हटलं, ह्या वर्षी तुहा जलमदिवस जोरात करू. बिसाहूभाऊ, तुमी पण या, मितानिनीले घेऊन या, तान्हा पोळा आमच्याकडं. जो दिवस तुमचे डोळे घेऊन गेला त्याच दिवशी आमच्याकडं देवानं पोरगा देल्ला, पाहा कसा हिसाब असते. दोन्ही घरचं एकाच दिवशी.

अमर म्हणाला, “आई, चूप नं.” काय चुकलं माहं, कोण जाणे. बिसाहूनं चाचपून माह्या डोक्यावर हात ठेवला, जसा बाप ठेवते, अन् म्हणाला, “हिसाब बराबर हाये मितानीन. माहे डोळे वाया गेले नाईत. येतो आमी.”

नंदी अमरनं फोटोखाली ठेवला आहे. पोटाखालच्या पहिल्या घरात चाकूनं नाव कोरून राहिला आहे. मले वाटलं, ‘अमर’ कोरत असेल, जाऊन पाह्यलं तं बिसाहूचा ‘बि’ कोरून झाला होता.

कॅलेंडर पाह्यलं. तान्हा पोळा, ६ सप्टेंबर, शुक्रवार. सगळे येतो म्हणाले.